चढत्या लयीचा नकाशा

ड्रम मशीनला लय आकड्यात सांगावी लागते. मिनिटाला ८० ठोके किंवा १०० ठोके. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच लयीत असेल तर हा आकडा एकदा दिला की काम संपलं. पण आपल्याकडची कितीतरी गाणी अशी नसतात. दिंडीतला गजर ठाय लयीत उचलला जातो आणि टाळकऱ्यांचे पाय जमिनीवर पडू लागले की चढत जातो. गोंधळातला संबळ शेवटी कुठे जाऊन पोचेल ते सुरुवातीला सांगता येत नाही. अशा गाण्यासाठी छोट्या रेकॉर्डरवर ताल बसवायचा म्हणजे काय करायचं, हा माझ्या आवडीचा प्रश्न आहे. या छोट्या तांत्रिक प्रश्नाच्या निमित्ताने लयीबद्दल जेवढा विचार करावा लागला, तेवढा एरवी झाला नसता.

मी हौशी नाटकमंडळींसाठी आणि मित्रांसाठी गाणी ध्वनिमुद्रित करतो. यंत्र हातात मावेल एवढं, आठ ट्रॅकचं, आतच ड्रम असलेलं. संगणकावर हीच कामं सोपी होतात, हे खरं. पण हे यंत्र पिशवीत घालून ढोलकीवाल्या काकांच्या घरी नेता येतं, त्यांच्या शेजारी सतरंजीवर ठेवता येतं आणि त्याच्याकडे कुणाला सारखं बघत बसावं लागत नाही. माझ्या दृष्टीने हा गुण फार मोठा आहे.

या यंत्रातला ताल असा रचलेला असतो: एक-दोन मापांचे ठेके तयार असतात, त्यांना पॅटर्न म्हणतात. ते एकापुढे एक लावून गाण्याची मांडणी करायची. मांडणीतल्या प्रत्येक पायरीला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कितव्या मापापासून, कोणता पॅटर्न आणि कोणत्या लयीत. म्हणजे लय बदलण्याची सोय आहे, पण ती मापाच्या रेघेवर, एका झटक्यात. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ड्रम ही यंत्राच्या पोटातली नुसती सूचना असते, तर गळा, पेटी, गिटार हे मुद्रित झालेले आवाज असतात. आज लय ८० वरून ८४ केली तर ड्रम निमूटपणे ८४ ने वाजतील, पण काल गायलेला अंतरा ८० वरच राहील. म्हणून लयीचा सगळा नकाशा आधी ठरवावा लागतो आणि गाणं त्यावर चढवावं लागतं. मुद्रित आवाज ताणून-आवळून बसवण्याची सोय काही यंत्रांत असते. तिने सूर निभावतात, पण ढोलकीची थाप बिघडते. थापेचा जीव तिच्या पहिल्या क्षणात असतो आणि ताणताना नेमका तोच पसरट होतो.

कॅसेटच्या काळात तर एवढंही नव्हतं. टास्कॅमने १९७९ साली ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हे साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारं यंत्र आणलं आणि घरी गाणं करणाऱ्यांचं जगच बदललं. त्यात वेग कमी-जास्त करण्याची कळ होती, पण टेप जलद फिरली की सूरही चढतो. वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढला की पट्टी अर्ध्या सुराने वर जाते. लंडनच्या स्टुडिओत १९६६ च्या अखेरीस बीटल्सनी ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ केलं, तेव्हा वेगळ्या लयीत आणि वेगळ्या पट्टीत झालेली दोन मुद्रणं हीच युक्ती वापरून एकमेकांना जोडली गेली. दोन्ही फरक एकाच दिशेचे होते, म्हणजे जलद मुद्रण वरच्या पट्टीत होतं, म्हणून ते जमलं. चार ट्रॅकच्या यंत्रावर बाहेरचं ड्रम मशीन टेपशी बांधून ठेवायचं तर एका ट्रॅकवर नुसता किरकिरा सिंक-टोन भरावा लागे. चारांतला एक ट्रॅक तिथेच गेला. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या घरी याच पोर्टास्टुडिओवर ‘नेब्रास्का’ची गाणी मुद्रित केली. घरगुती मुद्रणातला हा बहुधा सर्वांत प्रसिद्ध अल्बम, आणि त्यात ड्रम नाहीत. लय गिटार धरणाऱ्या हाताने सांभाळली आहे आणि ती गाण्याबरोबर श्वास घेते. मला तो अल्बम ऐकताना नेहमी वाटतं की चढत्या-उतरत्या लयीचं खरं उत्तर तिथे आहे: आधी माणूस वाजवेल, मग यंत्राने काय ते करावं.

हे म्हणणं सोपं आहे. ते यंत्रात कसं उतरवायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी लय खरोखर वाढते आहे का, हे तपासायचं. आपल्या संगीतात गती वाढल्यासारखी वाटते तेव्हा पुष्कळदा मूळ लय जागच्या जागी असते आणि वादक दुगुन करत असतो. ठुमरीच्या शेवटी तबल्यावर लग्गी सुरू होते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की गाणं धावू लागलं. प्रत्यक्षात मात्रा तेवढ्याच अंतरावर पडत असतात, त्यांच्या पोटात बोल दुप्पट झालेले असतात. लावणीत ढोलकी अशी किती वेळा करते! अशा ठिकाणी लयीच्या आकड्याला हातच लावू नये, पॅटर्न बदलावा. आकडा वाढवून दुगुनीचा भास आणायला गेलं तर गाणारीचा दम तुटतो. शब्द पूर्वीच्याच मात्रांवर टाकायचे असतात आणि मात्राच पायाखालून सरकतात.

लय खरोखर चढत असेल तर क्लिक, म्हणजे यंत्राची टिकटिक, न देता आधी गाणं गाऊन घ्यायचं. सोबत फक्त टाळ किंवा टाळी. हा ट्रॅक पुढे पुसायचाच असतो, त्यामुळे गाणारी मोकळी असते. मग यंत्राच्या घड्याळावर मोजायचं. सोळा मात्रांना १२ सेकंद लागले तर लय ८०, १० सेकंद लागले तर ९६. धृपद, अंतरा, पुन्हा धृपद असं प्रत्येक ठिकाणी मोजून वहीत लिहायचं. या आकड्यांचं एक चित्र तयार होतं आणि ते जवळजवळ कधीच सरळ चढणीचं नसतं. एका गोंधळाच्या गाण्यात लय प्रत्येक धृपदाला उडी घेत होती आणि अंतऱ्याला किंचित मागे येत होती. गाणारीला अंतऱ्यात कथा सांगायची होती, शब्द कळायला हवे होते. धृपद सगळ्यांचं होतं, तिथे कोरस तिला पुढे ढकलत होता. म्हणजे लय कोणाच्या हातात आहे हेच कडव्याकडव्याला बदलत होतं, आणि ते वहीतल्या आकड्यांत स्पष्ट दिसत होतं. टेबलाशी बसून मी नकाशा रचला असता तर ही माघार त्यात आली नसती. मी ७२ पासून ९६ पर्यंत एक छान रेघ ओढली असती आणि गाणं तिच्यावरून घसरलं असतं.

आता पायऱ्या. ७२ पासून ९६ पर्यंत आठ पायऱ्यांत जायचं तर दर वेळी तीन ठोके वाढवावेत असं सहज मनात येतं. पण कान बेरजेने ऐकत नाही, प्रमाणाने ऐकतो. ७२ ला तीन मिळवणं ही ९३ ला तीन मिळवण्यापेक्षा मोठी उडी आहे. प्रत्येक पायरीला साधारण साडेतीन टक्के वाढ धरली की ७२, ७५, ७७, ८०, ८३, ८६, ८९, ९३, ९६ असे आकडे येतात. कागदावर फरक नगण्य वाटतो. ऐकताना मात्र पहिल्या मांडणीत सुरुवातीला धक्का बसतो आणि शेवटी चढण मंदावल्यासारखी वाटते, नेमकी जिथे ती अंगावर यायला हवी तिथे.

पायरी कुठे टाकायची, हे त्याहून नाजूक. यंत्राला मापाची रेघ सोयीची, म्हणून ते समेवर लय बदलतं. पण माणसं समेवर लय बदलत नाहीत. गाणारी मुखडा उचलताना लय किंचित ओढते, वादक त्या दोन-तीन मात्रांत तिच्याशी जुळवून घेतो आणि समेवर दोघं नव्या लयीत भेटतात. सम ही बदल पक्का होण्याची जागा आहे, तो सुरू होण्याची नाही. ढोलकीवाल्या काकांना यंत्रातली मांडणी ऐकवली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “समेला दचकतंय ते.” तेव्हापासून मी समेच्या आधीच्या मापात तिहाईचा किंवा भरावाचा पॅटर्न ठेवतो आणि लय तिथेच वाढवतो. भरावात ड्रमर थोडे पुढे धावतात, हे कानाला सवयीचं आहे. त्यामुळे उडी तिथे खपून जाते, आणि समेपासूनचा ठेका नव्या लयीत स्थिर उभा राहतो.

तेवढ्याने भागत नाही. तोच पॅटर्न जलद लयीत तसाच वाजवला की गर्दी होते. चांगला वादक लय चढली की बोल कमी करतो, वजनाच्या थापा ठेवतो आणि मधली भर सोडतो. ठेक्यातला झोलही बदलतो. जॅझ ड्रमरांच्या वादनाची मोजमापं झाली आहेत. संथ लयीत लांब-आखूड मात्रांमधला फरक खूप असतो, आणि लय वाढेल तशा त्या एकमेकींच्या जवळ येत जातात. आपल्या ढोलकीतही मला हेच ऐकू येतं. म्हणून मी एकाच ठेक्याचे तीन अवतार करून ठेवतो: ठाय लयीसाठी भरगच्च आणि डुलणारा, मधला, आणि द्रुतासाठी जवळजवळ हाडं उरलेला. प्रतिध्वनीकडेही लक्ष ठेवावं लागतं. ८० च्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची, १०० च्या लयीत ६०० ची. डिले पहिल्या आकड्यावर ठेवून लय चढवली की प्रत्येक थापेचा पडसाद चुकीच्या जागी पडतो आणि ड्रम बरोबर असूनही ताल सुटल्यासारखा वाटतो.

या सगळ्या खटाटोपात एक जागा मात्र मी यंत्राला अजिबात देत नाही. गोंधळ्याची आरोळी किंवा शाहिराची पहिली हाक मात्रेत नसते. तिथे ड्रम गप्प असले तरी यंत्राची मापं आत मोजली जातच असतात, आणि हाक संपायच्या आत तिच्यासाठी सोडलेली मापं संपून ठेका सुरू होतो. मापं वाढवून ठेवली तर हाकेनंतर पोकळी पडते. म्हणून अशा गाण्याचे मी दोन तुकडे करतो. हाक वेगळी मुद्रित करतो, घड्याळाशिवाय, तिला लागेल तेवढा वेळ देऊन. ठेक्याचा तुकडा वेगळा, त्याच्या आधी दोन मापं नव्या लयीतली हलकी टिचकी, जी शेवटच्या मिश्रणात बंद होते. दोन्ही तुकडे जोडताना हाकेचा शेवटचा स्वर विरायच्या किती आधी पहिली थाप पडावी, हे गाणारीला समोर बसवून ठरवतो. ती डोळे मिटून ऐकते आणि हात उचलते.