हरलेल्याची टाळी

प्रतिपक्षाची तारीफ करणे ही स्वपक्षाशी फितुरी आहे काय? हा प्रश्न निघाला की मला बुद्धिबळाचा एक डाव आठवतो.

२३ जुलै १९७२. आइसलँडची राजधानी रेक्याविक. जगज्जेतेपदाच्या लढतीचा सहावा डाव. जगज्जेता बोरिस स्पास्की सोव्हिएत संघाचा, आव्हानवीर बॉबी फिशर अमेरिकेचा, शीतयुद्धाचे दिवस. गुण अडीच-अडीच. एरवी राजापुढच्या प्याद्याने सुरुवात करणाऱ्या फिशरने त्या दिवशी वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे हलवले आणि डाव ‘क्वीन्स गँबिट’कडे वळवला. स्पास्कीने टार्टाकोवर बचाव घेतला. तो त्याच्या भरवशाचा. पण फिशरची पकड आवळत गेली. अडतिसाव्या खेळीत त्याने हत्ती देऊन घोडा मारला आणि राजापुढची तटबंदी फोडली. एक्केचाळिसाव्या खेळीला स्पास्कीने डाव सोडला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्यात खुद्द स्पास्कीही सामील झाला.

कोणी म्हणेल, त्याच्या या मोठेपणाने देशाचे काय भले झाले? येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. फिशरच्या हट्टाखातर तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, आतल्या खोलीत खेळायला स्पास्की तयार झाला आणि तो डाव हरला. ते औदार्य होते. त्यात त्याने आपल्या हक्काचे काही सोडले, म्हणून त्यावर वाद घालता येईल. टाळीत मात्र त्याने काहीच सोडले नव्हते. डाव संपला होता. जे उत्तम होते त्याला त्याने उत्तम म्हटले, एवढेच. पुढे तो आणखी पंधरा डाव लढला, त्यांतला अकरावा जिंकलाही. शेवटी साडेबारा विरुद्ध साडेआठ गुणांनी त्याचे पद गेले. पण ते टाळीमुळे गेले नाही.

आपल्यासारख्या दुभाषी मुलखात हा प्रश्न घरोघरचा आहे. वक्तृत्व स्पर्धेत शेजारचा मुलगा त्याच्या भाषेत आपल्या मुलापेक्षा सरस बोलतो. आपले हात मांडीवरच राहतात. शेजारी काय म्हणतील यापेक्षा आपलेच लोक काय म्हणतील, ही धास्ती अधिक. आपल्या भाषेचा हक्क आपण मागावा, त्यासाठी लढावेही. त्यात तडजोड नको. पण चांगल्याला चांगले न म्हणण्याने तो हक्क बळकट होत नाही. उलट समोरचे गुण ओळखण्याची नजर गेली, की स्वतःचे दोष दिसण्याची नजरही जाते.

स्पास्की २०२५ साली वारला. त्याने जिंकलेले डाव पुष्कळ आहेत. मला मात्र त्याची ती टाळीच आठवते.