पडत्या विमानाकडे पाहणारे डोळे

राणीसावरगावासारख्या गावी पारावर जमणारी तरुण मंडळी हल्ली मोबाइलवर दुसऱ्या महायुद्धातील विमानांची दृश्ये पाहतात. खाली प्रशांत महासागर, समोर जपानी विमान. गोळ्यांची रेघ त्यास जाऊन भिडते, ज्वाळा उठतात आणि दृश्य तुटते. पाहणारे वाहवा करितात. यात कोणाचे काय बिघडले, असे कोणी पुसेल. आमच्या मते प्रश्न दिसतो तितका लहान नाही.

ही दृश्ये कशी घेतली जात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. लढाऊ विमानात एक लहानसा कॅमेरा बसविलेला असे. वैमानिकाने बंदुकीची कळ दाबली की तोही चालू होई. मारणारे बोट व चित्र घेणारे बोट एकच! त्या फिती मूक असत. शत्रूचे विमान खरोखर निकामी झाले की नाही याची खातरजमा करणे व नवशिक्यांस शिकविणे, एवढाच त्यांचा हेतू. ती एक साक्ष होती. पुढे तीस गोळ्यांचा आवाज, वाद्ये व निवेदकाचा आवेश जोडून ती चित्रगृहांत आली. ‘द फायटिंग लेडी’ या १९४४ च्या अमेरिकन युद्धपटात अशी दृश्ये रंगीत आहेत, व त्यास ऑस्कर पारितोषिकही मिळाले. आपल्याकडे १९४३ साली सरकारने मुंबईस ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ ही संस्था काढिली. तिच्याबरोबर ‘इंडियन न्यूज परेड’ हा बातमीपट आला, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील चित्रगृहांस सरकारमान्य पट दाखविणे सक्तीचे झाले. संतपटाचे तिकीट काढणाऱ्यासही आधी युद्ध पाहावे लागे.

कोणी म्हणेल, ते युद्ध परक्याचे नव्हते. खरे आहे. ५ एप्रिल १९४२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, जपानी विमानांनी कोलंबोवर बाँब टाकले. दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणम व काकीनाडा यांवर. अशा विमानांस अडविणाऱ्यास दोष देणारे आम्ही कोण? त्याने आपला जीव पणास लाविला होता. आमचा प्रश्न पाहणाऱ्याविषयी आहे. त्यास ना धोका, ना कर्तव्य. तरी तो वैमानिकाच्या जागी बसतो, त्याच्याच डोळ्याने नेम धरितो, आणि पदरात घेतो ती केवळ करमणूक. ओबद्या संदेष्ट्याने अदोमास दोष दिला तो केवळ लुटीबद्दल नव्हे; भावाच्या विपत्तीच्या दिवशी तो पाहत राहिला व आनंदला, हेही त्याच्या माथी मारिले.

१९ जून १९४४ रोजी मारियाना बेटांजवळ जपानची सुमारे तीनशे विमाने एका दिवसात नष्ट झाली. अमेरिकन वैमानिकांनी त्या दिवसास टर्की पक्ष्यांच्या शिकारीचे नाव दिले. पडलेल्यांत पुष्कळसे अपुऱ्या शिक्षणाचे कोवळे तरुण होते. फितीत ते दिसत नाहीत. दिसते ते यंत्र. यंत्र जळताना पाहून कोणास दुःख व्हावे? या चित्रांचा खरा धोका आम्हांस येथेच वाटतो. ती रक्त दाखवीत नाहीत, म्हणून मुलांस निरुपद्रवी भासतात.

ती पाहूच नयेत, असे आम्ही म्हणत नाही. इतिहास डोळे मिटून कळत नाही. मात्र एकदा आवाज बंद करून पाहावीत, कारण मूळची फीत तशीच होती. मग दृश्य मध्येच का तुटते, हेही मुलांस सांगावे. वैमानिकाने कळ सोडली की थोड्याच वेळात कॅमेरा थांबे. ते विमान तेव्हा पुष्कळदा अद्याप आकाशातच असे, आणि आतला मनुष्य कदाचित जिवंत.