इंजिन बदललं, पण चूक?

बाबांच्या चेतकचं इंजिन माझ्यामुळे गेलं. घरी सांगितलं, "जुनंच झालं होतं ते."

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँक आणि पिस्टनसाठी वेगळं ऑइल नसतं. ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. आमच्या स्कूटरला लिटरमागे वीसेक मिली. बाबांनी हे शंभरदा सांगितलं होतं. डिकीत टू-टी ऑइलची बाटलीही होती. पण त्या दिवशी चाकणला पोचायला उशीर होत होता. रिकाम्या टाकीत दोन लिटर पेट्रोल भरलं आणि निघालो. मोशीच्या पुढे पिस्टन तापून सिलिंडरला धरला आणि मागचं चाक जाम झालं.

बोअर आधीच दोनदा झालेलं, आता क्रँकही गेलेला. गॅरेजवाले काका म्हणाले, "दुसरं इंजिनच टाकू." पठ्ठी आठवड्यात चालू झाली.

मग ती तीच स्कूटर का? थिसियसच्या जहाजाचं कोडं आपल्याला माहीत असतं: एकेक फळी बदलत गेलं, तर जहाज तेच राहतं का? आमच्या भागात त्याचं उत्तर सोपं आहे. 1972 साली आलेली चेतक आकुर्डीत बनायची. 2020 मध्ये त्याच नावाची इलेक्ट्रिक स्कूटर विक्रीला आली. तिला इंजिनच नाही, तरी लोक तिला चेतकच म्हणतात.

मला छळणारा प्रश्न वेगळा होता. फळी का बदलावी लागली, हे त्या कोड्यात कुणी विचारतच नाही. कुजली म्हणून, की कुणी निष्काळजीपणे फोडली म्हणून?

ऑफिसात 'गिट ब्लेम' नावाची कमांड वापरतो. कोडची कुठली ओळ कुणी लिहिली, ते ती दाखवते. पण अख्खी फाईल नव्याने लिहिली, की प्रत्येक ओळीसमोर नव्या माणसाचं नाव येतं. जुनी चूक वरवर पाहता दिसेनाशी होते. नव्या इंजिनाचंही तसंच होतं. खरवडलेला सिलिंडर भंगारात गेला, त्याच्याबरोबर पुरावाही गेला. देखभालीत रोज थोडं उत्तर द्यावं लागतं. बदलीत एकदा पैसे मोजले की सुटलो, असं वाटतं.

कायद्याने मात्र सुटू दिलं नाही. आरसीवर चॅसी नंबर असतो तसा इंजिन नंबरही असतो. इंजिन बदललं की आरटीओत नोंद करावी लागते. काका म्हणाले, "कोण बघतंय?" एक महिना मीही तेच म्हणत राहिलो. पण गाडी बाबांच्या नावावर, म्हणजे अर्जावर सही त्यांची हवी.

शेवटी कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही नंबर वाचले आणि विचारलं, "ऑइल घातलं होतंस?"

"नाही."

त्यांनी सही केली. म्हणाले, "हे त्याच दिवशी सांगायचं ना."

स्कूटर त्या दिवशीच दुरुस्त झाली असेल. पण माझ्याकडून काम पूर्ण झालं ते त्या 'नाही'नंतर.