खोपटचा दुसरा शनिवार

ठाणे जिल्हा अजून अखंड होता तेव्हाची ही गोष्ट. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी पंधरा तालुके एकाच जिल्ह्यात नांदत होते. त्या जिल्ह्यात दोन मित्र होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात दोघे एका वर्गात शिकले, दोघांचा विषय विस्तार शिक्षण. नोकरी लागली तेव्हा एकाच्या वाट्याला मुरबाड आलं, दुसऱ्याच्या वाट्याला शहापूर. गावोगावी सगळे त्यांना साहेबच म्हणत. आपण त्यांना मुरबाडकर आणि शहापूरकर म्हणू.

विस्तार शिक्षकाचं काम ऐकायला सोपं आहे. विद्यापीठात जे सिद्ध झालं ते बांधावर न्यायचं, आणि बांधावर जे अडलं ते विद्यापीठात परत आणायचं. पहिलं काम सगळे करतात, कारण त्याचा अहवाल मागितला जातो. दुसरं काम कोणी मागत नाही म्हणून राहून जातं. माझ्या मते या व्यवसायाचा खरा कस तिथे लागतो.

एका वर्षी दोघांकडे एकच काम आलं: चारसूत्री भातशेती. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी लहान शेतकऱ्याला परवडेल अशी ही पद्धत मांडली. पहिलं सूत्र, भाताचा तूस आणि पेंढा वाया न घालवता पुन्हा शेतात वापरायचा. तुसाची काळी राख रोपवाटिकेत गेली की रोपाला सिलिका मिळते. दुसरं, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडायचा. तिसरं, लावणी अंतर राखून करायची, आलटून पालटून १५ आणि २५ सेंटीमीटरवर, म्हणजे चार चुडांचा एक लहान चौकोन तयार होतो. चौथं, त्या प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट हाताने खोल खोचायची. ब्रिकेटचं वजन सरासरी २.७ ग्रॅम. वरून फेकलेला युरिया पावसाच्या पाण्याबरोबर बांधाबाहेर जातो. चिखलात खोचलेली गोळी मुळाशी राहते आणि हळूहळू विरघळते. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, वजन साधारण १७० किलो. मुरबाडकरला हे आकडे झोपेतही पाठ होते.

मुरबाडकर मनापासून काम करणारा माणूस. मृगाच्या आधी राब भाजायला लोक शिवारात निघाले की हा तिथे हजर. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत खुणा केलेली दोरी स्वतः धरून गुडघाभर चिखलात उभा राहायचा. गावागावांत त्याने शेतकऱ्यांचे गट बांधले, बायकांचे बचत गट उभे केले. ‘एकटा शेतकरी दुकानदाराशी भांडू शकत नाही, पाच जण भांडू शकतात,’ हे तो प्रत्येक सभेत सांगायचा, आणि त्याचं ऐकून लोक खरंच एकत्र यायचे.

शहापूरकर त्याच्याइतका तडफदार नव्हता. पण त्याला एक सवय होती. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, कचेरीला सुटी असायची तेव्हा, तो सकाळची एसटी पकडून ठाण्याला खोपटला यायचा. खोपटच्या एसटी स्टँडपासून चार पावलांवर एक निवृत्त विस्तार शिक्षक राहत. सगळे त्यांना सरच म्हणत. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात विस्तार शिक्षकांच्या संघटनेची बैठक भरायची. जागा खोपटची निवडली होती ती स्टँड जवळ म्हणून. वाड्याहून, मुरबाडहून, रोह्याहून, कुठून एक गाडी, कुठून दोन, पण संध्याकाळपर्यंत माणूस आपल्या गावी परत पोचायचा. अजेंडा छापलेला नसे. ‘या महिन्यात तुझं काय अडलं?’ हा सरांचा एकच प्रश्न असे, आणि तो सगळ्यांना विचारला जाई.

शहापूरकरने मित्राला अनेकदा बोलावलं. मुरबाडकर म्हणायचा, “अरे, माझा शेतकरी मुरबाडला आहे, खोपटला नाही. तू जा, चहा पी, वर्गणी भर. मला त्या शनिवारी दोन शिवारं होतात.”

त्याचं बोलणं चुकीचं वाटत नाही, म्हणूनच त्यावर थोडं थांबायला हवं. विस्तार शिक्षकाच्या आजूबाजूला दिवसभर माणसं असतात, तरी तो त्याच्या विषयात एकटा असतो. कृषी विज्ञान केंद्राचंच पाहा. देशातलं पहिलं केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीला सुरू झालं, आज जवळपास प्रत्येक जिल्ह्यात एक आहे. एका केंद्रात मंजूर पदं सोळा, त्यात विषय विशेषज्ञ सहा, आणि सहांचे विषय सहसा सहा: पीक, फळबाग, कीड-रोग, पशुधन, गृहविज्ञान, विस्तार. म्हणजे कीटकशास्त्राच्या माणसाला आपली शंका विचारायला दुसरा कीटकशास्त्राचा माणूस त्या इमारतीत नसतो. शेतकऱ्यापुढे ‘मला माहीत नाही’ म्हणणं अवघड जातं, वरिष्ठापुढे त्याहून अवघड. मग न सुटलेला प्रश्न माणूस मनातच ठेवतो, आणि काही वर्षांनी तो प्रश्नच नाही असं त्याला वाटू लागतं. या क्षेत्रातल्या संस्था आहेतच: १९६४ मध्ये दिल्लीत भारतीय विस्तार शिक्षण संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी तिचं नियतकालिक सुरू झालं. आपल्याकडे अकोल्याला महाराष्ट्राची विस्तार शिक्षण संस्था आहे. संशोधनाचे निबंध तिथे वाचले जातात, ते हवेतच. पण निबंधात सहसा यश लिहिलं जातं. फसलेलं काम सांगायला समोर ओळखीचा, आपल्याच धंद्यातला माणूस बसलेला लागतो.

तर, चारसूत्रीकडे परत येऊ. पहिल्या वर्षी मुरबाडला आणि शहापूरला, दोन्हीकडे लोकांनी उत्साहाने दोरी धरली, गोळ्या खोचल्या, आणि पीक चांगलं आलं. दुसऱ्या वर्षी दोन्हीकडे निम्मे लोक गळाले. उत्पन्न वाढूनही गळाले. मुरबाडकरने आणखी दोन सभा घेतल्या, आणखी पत्रकं वाटली. तिसऱ्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. त्याने अहवालात लिहिलं, ‘शेतकऱ्यांचा अपेक्षित प्रतिसाद नाही.’ लिहिताना त्याला वाईट वाटलं, पण दुसरं काय लिहावं ते सुचलं नाही.

शहापूरकरने तोच प्रश्न दुसऱ्या वर्षीच खोपटला नेला. त्याने आकडे मांडले, उत्पन्न मांडलं, आणि म्हणाला, “सर, फायदा दिसतोय तरी सोडतायत. मला कळत नाही.”

बैठकीला वाड्याहून एक बाई येत. त्यांचा विषय गृहविज्ञान. भातातलं त्यांना फार कळतं असं कोणी मानत नव्हतं, त्याही मानत नव्हत्या. त्यांनी विचारलं, “एकरात गोळ्या किती बसतात?”

“साधारण पंचवीस हजार.”

“आणि खोचतं कोण?”

“बायका खोचतात.”

“म्हणजे आवणीला वाकून झाल्यावर त्याच बाईने त्याच खाचरात पुन्हा पंचवीस हजार वेळा वाकायचं. तुमच्या सभेला पुरुष येतात. पंचवीस हजार हा आकडा त्यांना खताचा वाटला असेल, तिला तो कंबरेचा वाटला.”

खोलीत कोणी काही बोललं नाही. शहापूरकरने तो आकडा शेकडो वेळा उच्चारला होता.

बाईंना हे सुचलं ते असंच नव्हे. संघटनेच्या एका वार्षिक अधिवेशनात परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या सहकारी त्यांना भेटल्या होत्या. परभणीला गृहविज्ञानाच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात शेतकरी बायकांचे कष्ट मोजण्याचं आणि ते कमी करण्याचं काम वर्षानुवर्षं चालत आलं होतं: कोणत्या कामात किती वाकावं लागतं, दम किती लागतो, कोणतं अवजार बाईच्या हाताला बसतं. तो कोरडवाहू, कापसाचा मुलूख. भाताशी त्याचा संबंध नाही. पण कंबर मराठवाड्यातली काय आणि शहापूरची काय. त्या भेटीनंतर वाड्याच्या बाई प्रत्येक योजनेकडे ‘हे करणार कोण’ या बाजूने पाहू लागल्या होत्या.

त्या दुपारी खोपटला सगळ्यांनी मिळून शहापूरच्या कामाची मांडणी बदलली. गोळ्या नंतर वेगळ्या खोचायच्या नाहीत. आवणी चालू असतानाच, चौकोन ताजे दिसत असताना मागोमाग खोचायच्या. लावणाऱ्या आणि खोचणाऱ्या बायका दर थोड्या वेळाने अदलाबदल करतील, म्हणजे एकाच बाईवर सगळा भार नको. खोचणीला पुरुषही उतरतील, आणि मजुरी द्यायची असेल तर खोचणीची वेगळी द्यायची. आणि सभा बायकांची, त्यांच्या सवडीच्या वेळी. रोह्याच्या एकाने सांगितलं, मोठ्या खाचरापासून सुरुवात करू नका, एका गुंठ्यापासून करा. गुंठ्याला गोळ्या सव्वासहाशेच्या आसपास बसतात, तेवढ्या कोणीही हसत खोचेल. पुढच्या हंगामात शहापूरला गळती थांबली. फार वाढही झाली नाही, पण जे होते ते टिकले, आणि टिकलेल्यांकडे पाहून शेजारी विचारू लागले.

मुरबाडकरला हे कळलं ते एका म्हाताऱ्या शेतकरीण मावशींकडून. त्यांची लेक शहापूरला दिलेली होती. त्या म्हणाल्या, “साहेब, लेकीकडं तुमच्याच गोळ्या चालल्यात. आमच्याकडं बंद का पडल्या?”

मुरबाडकर शहापूरला गेला, खाचरं पाहिली, मित्राकडे जाऊन जरा रागानेच म्हणाला, “मला का नाही सांगितलंस?”

शहापूरकर म्हणाला, “मी सांगितलं असतं तर तुला एवढंच कळलं असतं, की गोळी आवणीबरोबर खोच. तुझ्याकडे अडचण हीच आहे की दुसरी, हे मला कुठे माहीत? ते तुलाच येऊन मांडावं लागतं. आणि तुला मी बोलावत होतोच की रे.”

परतताना मुरबाडकर पुन्हा मावशींच्या बांधावर थांबला आणि झालं ते सांगितलं. मावशी पेंढीला गाठ मारत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “तुम्ही आम्हाला गट करायला लावलात. एकटी राहू नको म्हणून चार वेळा घरी आलात. तुमचा गट कोणता हो, साहेब?”

मुरबाडकरला त्यावर उत्तर देता आलं नाही, आणि त्याने देण्याचा प्रयत्नही केला नाही. पुढच्या दुसऱ्या शनिवारी तो खोपटला उतरला.

संकोच होता. एवढी वर्षं आलो नाही, आता मागायला आलो, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सरांनी वर्गणीची पावती फाडली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मुरबाडकरने पिशवीतून एक जाडजूड वही काढली. एवढी वर्षं त्याने प्रत्येक खाचराची नोंद ठेवली होती: कोणी सुरू केलं, कोणी सोडलं, त्या दिवशी पाणी किती होतं, सोडताना माणूस काय म्हणाला. अहवालात यातलं काहीच गेलं नव्हतं, कारण अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.

सर बराच वेळ पानं उलटत राहिले. मग वही सगळ्यांमध्ये फिरली, आणि तासाभरात एक गोष्ट वर आली जी शहापूरलाही कोणाच्या ध्यानात आली नव्हती. मुरबाडला गळालेले बहुतेक शेतकरी खोलगट खाचरांचे होते. तिथे पाणी साचून राहतं, चौकोन दिसत नाहीत, गोळी कुठेही पडते आणि मेहनत फुकट जाते. तिथे आधी बांध फोडून पाणी उतरवावं लागेल, नाहीतर ती खाचरं या कामातून सरळ वगळावी लागतील. बायकांच्या कष्टाचा प्रश्न मुरबाडलाही होता, पण त्याच्या खाली हा दुसरा प्रश्न दडलेला होता. शहापूरची युक्ती जशीच्या तशी नेली असती तर मुरबाडला ती पुन्हा फसली असती. मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच: ज्याला वाटत होतं आपल्याकडे फक्त अपयश आहे, त्याच्या वहीने त्या दिवशी इतरांना शिकवलं.

रोह्याच्या सहकाऱ्यांनी विचारलं, “ही वही एका हंगामापुरती देता का? आमच्याकडची खाडीकाठची खाचरं अशीच खोलगट आहेत.”

मुरबाडकर क्षणभर घुटमळला. मग त्याने वही दिली, आणि स्वतःसाठी नवी घेतली.

दिवाळीनंतरच्या बैठकीत वही परत आली तेव्हा तिच्यात रोह्याच्या खाचरांची पानं वाढलेली होती. एका ठिकाणी मुरबाडकरचा निष्कर्ष खोडून त्याखाली दुसरं कारण लिहिलेलं होतं, तारखेसह. मुरबाडकरने ते दोनदा वाचलं, वाड्याच्या बाईंना दाखवलं, सरांशी त्यावर बोलला. सोमवारी सकाळी तो त्या खाचराच्या मालकाकडे गेला आणि म्हणाला, “दादा, मागच्या वेळी मी तुम्हाला जे सांगितलं होतं ते पुन्हा तपासायचंय. चला, पाणी कुठून येतं ते मला दाखवा.”