पाय लागला, सॉरी

शहापूर-मुरबाड एसटी सापगावला थांबली की गर्दीत कुणाचा तरी पाय कुणाला लागतोच. कॉलेजातला पोरगा मोबाइलवरून नजर न काढता ‘सॉरी हां’ म्हणतो. शेजारची म्हातारी मात्र एक शब्द बोलत नाही. ज्याला पाय लागला त्याला बोटं टेकवते, ती आपल्या छातीला लावते आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागते.

माफी नेमकी कोणी मागितली?

‘सॉरी’चं मूळ जुन्या इंग्रजीत दुखण्यात, ठणकण्यात आहे. म्हणजे बोलणारा स्वतःच्या मनाची अवस्था सांगतो: मला वाईट वाटतंय. ‘क्षमा’चा रोख उलटा. संस्कृत ‘क्षम्’ म्हणजे सोसणं, आणि क्षमा हे पृथ्वीचंही नाव. सकाळी अंथरुणातून उठताना जमिनीवर पाय टेकवण्याआधी तिची क्षमा मागणारा श्लोक जुन्या घरांत अजून म्हटला जातो. तिथे मागणाऱ्याच्या दुःखाची चौकशी नाही. सोसायचं आहे ते समोरच्याने.

शहापूरच्या मानस मंदिरात येणाऱ्या जैन भाविकांकडे तिसरीच तऱ्हा आहे. संवत्सरीला श्वेतांबर मंडळी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात: माझं दुष्कृत्य मिथ्या होवो. हे धाकट्याने थोरल्याला म्हणायचं तसंच थोरल्याने धाकट्यालाही. हल्ली तो शब्दही एका मेसेजमध्ये दोनशे जणांना जातो, ही गोष्ट वेगळी. ठाण्यात बेने इस्रायली ज्यूंचं 1879 सालचं सिनेगॉग आहे. ज्यू धर्मशास्त्र तर याहून कडक: माणसाचा केलेला अपराध योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपवासही धुऊन काढत नाही, आधी त्या माणसाची समजूत घालावी लागते.

या सगळ्यांपुढे ‘सॉरी’ फारच हलका वाटतो. पण त्या हलकेपणाचा एक मोठा फायदा मराठी घरांनी बरोबर ओळखलाय. ‘माफ कर’ म्हणायचं की ‘माफ करा’, इथेच मराठी माणूस अडतो; शब्दाआधी मान आडवा येतो. पोराला उगाच ओरडलेला बाप ‘बाळा, मला क्षमा कर’ असं जन्मात म्हणणार नाही. फार तर येताना भजी घेऊन येईल. ‘सॉरी रे’ मात्र त्याच्या तोंडून निघून जातं. सॉरीला वय नाही, वचन नाही, वाकणं नाही.

मोठ्या अपराधांना मात्र तो पुरत नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतला जवळपास निम्मा साठा एकट्या भातसाचा. धरण शहापूर तालुक्यातलं, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही शहापूर तालुक्यातलेच. आसनगावला लोकल उशिरा आली तर स्पीकरवरून दिलगिरी ऐकू येते. पाड्यावर टँकर उशिरा आला तर बायका हंड्यांची रांग थोडी सरळ करतात आणि सावलीला जाऊन बसतात.