पाते करणाऱ्याचा वाटा

सुरीने कोणास इजा झाली असता दोष सुरी चालविणाऱ्याचा, हे लहान मूलही सांगेल. परंतु ज्याने ती सुरी घडविली त्याच्याकडे त्या दोषाचा काही वाटा जातो काय? हा प्रश्न केवळ विद्वानांचा आहे असे कोणी समजू नये. पेण व रोहे ह्या तालुक्यांतील खेड्यांत कोयता, विळा आणि विळी ह्यांवाचून घर चालत नाही; आणि झिजलेली कानस मोडीत न घालता तिचे पाते करणारा हात कोठेही निघू शकतो. तेव्हा ह्या गोष्टीचा आपण शांतपणे विचार करू.

प्रथम ते काम कसे होते ते पाहावे, कारण प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या कामातच आहे. कानस उत्तम पोलादाची असते. त्यात कर्बाचे प्रमाण शेकडा एक ते सव्वा इतके असते. दुसरे लोखंड तिने घासले जावे म्हणून तिला इतके कडक पाणी दिलेले असते की दगडावर आपटली असता ती काचेप्रमाणे तुटते. अशा कानशीस तशीच धार लावली तर ती ऐन कामात मोडून कापणाऱ्यासच जखम करील. म्हणून ती आधी भट्टीत लाल करून राखेत पुरतात व रात्रभर सावकाश निवू देतात. नरम झाल्यावर तिचे दाते घासून पार काढून टाकतात. कारण दात्याची खाच राहिली तर तेथूनच पात्यास चीर जाते. आकार आला की पुन्हा तापवितात, आणि लोहचुंबक चिकटेनासा होऊन रंग किंचित चढला म्हणजे पाते कोमट तेलात बुडवितात. शेवटी ते मंद आचेवर, सुमारे २०० अंशांपर्यंत, वाळल्या गवतासारखा पिवळा रंग येईतो शेकतात. ह्या शेकण्याने थोडा कडकपणा जातो, पण त्याच्या मोबदल्यात चिवटपणा येतो.

आता हे लक्षात घ्या की सर्वच कानशी आतून पोलादाच्या नसतात. काही स्वस्त कानशी नरम लोखंडाच्या असून त्यांच्या वरच्या पातळ थरासच कडकपणा दिलेला असतो. दाते घासले की तो थर जातो, आणि धार धरण्याजोगे काहीच उरत नाही. चकाकी मात्र तीच, मूठ तीच. घेणाऱ्यास हा भेद दिसत नाही. करणाऱ्यास तो कळू शकतो. एक तुकडा तापवून, बुडवून, मोडून पाहिला की तो तुटतो की वाकतो हे उघड होते. ह्यावरून करणाऱ्याचे पहिले दायित्व ठरते: जे केवळ त्यालाच ठाऊक होऊ शकते, त्याविषयी त्याने खरे असावे.

कोणी म्हणेल, "लोखंड तर निर्दोष आहे, चांगले-वाईट ते वापरणाऱ्याच्या मनात." हे अर्धेच खरे आहे. एका धारेचे, जाड पाठीचे पाते भाजी, मासळी व गवत ह्यांसाठी असते. दोन्हीकडे धार, टोक अणकुचीदार, आणि अंगरख्यात लपेल अशी बांधणी, ही वस्तू स्वयंपाकघराकरिता केली असे कोण म्हणेल? आकार म्हणजे करणाऱ्याने आधीच उच्चारलेला हेतू होय. आपल्या देशाचा १९५९ चा शस्त्र कायदाही केवळ घरकामासाठी वा शेतीसाठी बनविलेल्या वस्तूंस शस्त्रांतून वगळतो. अर्थात तोही वस्तू किती धारदार आहे एवढेच न पाहता ती कशाकरिता बनविली हे विचारतो.

तिसरी गोष्ट मागणाऱ्याची. कारखान्यास आपली सुरी कोणाच्या हाती जाते हे ठाऊक नसते. गावात करणाऱ्यास ते ठाऊक असते. सकाळी बांधावरून भावाशी भांडलेला मनुष्य सायंकाळी डोळे लाल करून टोकदार पाते मागू लागला आणि करणाऱ्याने ते दिले, तर "मी केवळ लोखंड घासले" असे त्यास म्हणता येणार नाही. त्या कृत्यात त्याचा वाटा आहे. उलट, मासळी साफ करण्यासाठी एखाद्या बाईस दिलेली सुरी दहा वर्षांनी कोणी दारूच्या नशेत उचलली, तर तो दोष करणाऱ्याच्या माथी मारणे अन्याय होय. त्यास जे ठाऊक होते, किंवा थोड्या विचाराने ठाऊक झाले असते, तेथपर्यंतच त्याचा वाटा पोहोचतो.

परंतु सावधपणा वेगळा आणि संशय वेगळा. पहिल्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात आपण वाचतो की इब्र्यांनी तरवारी करू नयेत म्हणून त्यांच्या देशात लोहारच राहू दिला नव्हता. परिणाम हा झाला की शेतकऱ्यास नांगराचा फाळ पाजविण्यासाठीही शत्रूच्या दारी जावे लागे. शस्त्राच्या भयाने अवजार हिरावले जाते ते असे. आपल्या बाजूसही कातकरी बांधवाच्या कमरेस कोयता दिसला की बाजारात काहींच्या भुवया चढतात. राबासाठी फांद्या तोडणे, सरपण आणणे, कुंपण घालणे, ही त्याची रोजची कामे त्याच कोयत्याने होतात. तशीच धार सधन घराच्या विळीस असते, पण तिचे भय कोणास वाटत नाही. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन माणसे मेली. झाड तोडण्याचे हत्यार हाती असलेला गरीब मनुष्य कामकरी की शत्रू, हे ठरविताना पाहणाऱ्याच्या मनातील भयच पुष्कळदा साक्षीदार होते.

म्हणून जो कोणी पाते करील त्याने तीन गोष्टी तपासाव्या: पोलाद खरे आहे काय, आकार सरळ कामाचा आहे काय, आणि मागणारा आज कोणत्या मनाने आला आहे. तो कोणत्या जातीचा वा किती गरीब, ही चौथी गोष्ट ह्यांत नाही. राग दिसला तर "चार दिवसांनी ये" असे सांगावे. तेवढ्याने एखादे घर वाचेल. राग नसेल तर चांगले पाते निःशंक मनाने द्यावे, आणि पुढे ते काय करते त्याचा जाब ज्याच्या हाती ते आहे त्यास विचारावा.