गुलामगिरी आणि राष्ट्रांचे उत्तरदायित्व

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांदरम्यान सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसांना जहाजांत कोंबून अटलांटिक महासागरापलीकडे पाठवण्यात आले. त्यांपैकी सुमारे १८ लाख वाटेतच मरण पावली. जी जिवंत पोहोचली त्यांच्या घामावर कॅरिबियन बेटांतले उसाचे, ब्राझीलमधले कॉफीचे आणि अमेरिकेतले कापसाचे मळे उभे राहिले. पोर्तुगाल, ब्रिटन, फ्रान्स, स्पेन, नेदरलँड्स या राष्ट्रांनी हा व्यापार कायद्याने चालवला, त्यावर कर घेतला आणि आरमाराने त्याचे रक्षण केले. १८८८ मध्ये ब्राझीलने गुलामगिरी रद्द केली आणि अमेरिका खंडांतून ती कायद्याने संपली. त्या काळचा मालक आज हयात नाही, गुलामही नाही. मग आजचे राष्ट्र त्या अन्यायाला बांधील ठरते का, आणि ठरत असेल तर कोणत्या अर्थाने, हा नीतिशास्त्रातला एक कठीण प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करताना दोष आणि उत्तरदायित्व यांत फरक करावा लागतो. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ मध्ये, नाझी राजवटीच्या संदर्भात, दोषाचे चार प्रकार सांगितले: फौजदारी, राजकीय, नैतिक आणि पारमार्थिक. फौजदारी आणि नैतिक दोष करणाऱ्याचाच असतो. तो मुलाबाळांकडे जात नाही. राजकीय उत्तरदायित्व मात्र राज्याच्या कृत्यांबद्दल त्याच्या सर्व नागरिकांवर येते. राजकीय विचारवंत हॅना आरेंट यांनी हाच धागा पुढे नेला. पूर्वजांच्या पापाबद्दल कोणी पापी ठरत नाही, पण ज्या राजकीय समाजाचे आपण सदस्य असतो त्याच्या भूतकाळाचे ओझे आपल्याला नाकारता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

राज्य पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हा या भूमिकेचा आधार आहे. जुने तह, जुन्या सीमा आणि जुनी कर्जे राज्य आपली मानते. ब्रिटनचे उदाहरण येथे निर्णायक ठरते. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी रद्द करताना ब्रिटिश सरकारने २ कोटी पाउंडांची भरपाई दिली. ही रक्कम त्या वेळच्या वार्षिक सरकारी खर्चाच्या सुमारे ४० टक्के होती. ती मिळाली मालकांना; मुक्त झालेल्यांना एक पैही मिळाली नाही. उलट बहुतेक वसाहतींत त्यांच्यावर ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी काही वर्षे सक्तीची मजुरी लादली गेली. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब २०१५ मध्ये मिटला. म्हणजे गुलामांचे वंशज असलेले ब्रिटिश करदातेही त्या फेडीत सामील होते. मालकांचे देणे जर दीडशेहून अधिक वर्षे जिवंत राहू शकते, तर पीडितांचे देणे काळाच्या ओघात आपोआप संपले असे म्हणता येत नाही.

हैतीची कहाणी याहून कठोर आहे. १७९१ च्या उठावातून गुलामांनी स्वतःच स्वातंत्र्य मिळवले आणि १८०४ मध्ये राष्ट्र स्थापन केले. १८२५ मध्ये, पूर्वी तेथे वसाहत असलेल्या फ्रान्सने युद्धनौका पाठवून मान्यतेच्या मोबदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले. १८३८ मध्ये ही रक्कम ९ कोटींवर आणण्यात आली. ती फेडण्यासाठी हैतीने फ्रेंच बँकांकडून कर्ज काढले आणि त्या कर्जसाखळीचा भार विसाव्या शतकापर्यंत वाहिला.

या इतिहासाला राष्ट्रे निरनिराळ्या प्रकारे सामोरी गेली आहेत. पहिला प्रकार कबुलीचा. २००१ मध्ये फ्रान्सने तोबिरा कायद्याने गुलामांचा व्यापार आणि गुलामगिरी हा मानवतेविरुद्धचा गुन्हा असल्याचे मान्य केले. दुसरा प्रकार माफीचा. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २००८ मध्ये आणि सेनेटने २००९ मध्ये माफीचे ठराव केले. मात्र या ठरावाने भरपाईच्या दाव्याला आधार मिळणार नाही, असे सेनेटने स्पष्ट लिहून ठेवले. नेदरलँड्सचे तत्कालीन पंतप्रधान मार्क रुटे यांनी डिसेंबर २०२२ मध्ये आणि राजे विलेम-अलेक्झांडर यांनी १ जुलै २०२३ रोजी माफी मागितली. तिच्यासोबत जनजागृती आणि संबंधित उपक्रमांसाठी २० कोटी युरोंचा निधीही जाहीर झाला.

तिसरा प्रकार सत्यशोधनाचा, आणि त्यात मॉरिशसचे काम विशेष मोलाचे आहे. तेथे १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर मोठ्या संख्येने आणले जाऊ लागले. त्यांत मराठी भाषकही होते. २००९ ते २०११ या काळात तेथील सत्य आणि न्याय आयोगाने गुलामगिरी व करारबद्ध मजुरी यांचे परिणाम एकत्र तपासले. लोकांच्या हातून गेलेल्या जमिनींच्या तक्रारीही त्याने ऐकल्या.

चौथा प्रकार भरपाईचा, आणि खरा वाद येथेच आहे. गुलामगिरी त्या काळी कायदेशीर होती, असा पहिला आक्षेप असतो. पण तो कायदा याच राज्यांनी केला होता, आणि ज्यांच्यावर तो लादला त्यांनी बंडे करून त्याला सतत नकार दिला होता. दुसरा आक्षेप असा की आफ्रिकी राजेही या व्यापारात सामील होते. हे खरे आहे. बेनिनचे राष्ट्राध्यक्ष मॅथ्यू केरेकू यांनी १९९९ मध्ये त्याबद्दल माफीही मागितली. परंतु भागीदार वाढल्याने कोणाचाही वाटा माफ होत नाही. देणार कोण आणि घेणार कोण, हा तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण व्यक्तीव्यक्तीचा हिशेब आज लागत नाही. म्हणूनच कॅरिबियन देशांच्या संघटनेने २०१४ मध्ये मांडलेल्या दहा कलमांत माफीबरोबर आरोग्य, शिक्षण आणि कर्जमाफी यांवर भर आहे. ही मागणी राज्यांची राज्यांकडे आहे.

एकंदरीत, दोष वारशाने येत नाही, देणे मात्र येते. गुलामगिरीतून साठलेल्या संपत्तीचा आणि संस्थांचा लाभ जे राष्ट्र आजही घेते, त्याला तिची जबाबदारी टाळता येत नाही. सत्य उघड करणे, कृतीची जोड असलेली कबुली देणे आणि वंशजांच्या आजच्या वंचनेवर उपाय करणे ही या जबाबदारीची तीन अंगे आहेत. यांपैकी एकावरच थांबणे अपुरे ठरते.